गुन्हा कारखान्यावर, फिर्याद गावात: अत्याचाराच्या तपासात बाईचे हक्क

दिवाळी सरली की बीड, धारूर, वडवणीकडच्या टोळ्या ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात निघतात. तिकडं कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) एखाद्या बाईवर बलात्कार झाला की मुकादम म्हणतो, "पट्टा पडू दे, मग बघू." पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, गावच्या ठाण्यात गेलं तर ऐकावं लागतं, "आमच्या हद्दीतला गुन्हा नाही."

हद्दीचं कारण चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद घ्यावीच लागते. याला झिरो एफआयआर म्हणतात. कागद योग्य ठाण्याला पाठवणं पोलिसांचं काम, तुमचं नाही. बलात्काराची फिर्याद न घेणाऱ्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते (भारतीय न्याय संहिता, कलम 199). तरीही टाळलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा, पोच जपून ठेवा. त्यानंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज.

ठाण्यात जबाब महिला पोलिसानंच लिहून घ्यायचा. लिहून झालं की तो मोठ्यानं वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा. इथं एक वाक्य नीट ऐका. "माझे मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले" एवढंच लिहिलं, तर बलात्काराचा विनयभंग होतो आणि शिक्षा कितीतरी खाली येते. बाई लाजून "नको ते केलं" म्हणते, लिहिणारा ठरलेलं वाक्य टाकून मोकळा होतो. म्हणून जे घडलं ते उघड शब्दांत सांगा आणि तसंच लिहायला लावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

दवाखाना आधी गाठला तरी चालतो. सरकारी असो की खाजगी, उपचार मोफत आणि लगेच द्यावे लागतात. पोलिसांना खबर मिळाल्यापासून 24 तासांत वैद्यकीय तपासणीला पाठवायचं असतं, पण बाईच्या संमतीनंच. शक्यतो आंघोळ करू नका. केली असली तरी जा. अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, पुरावा कुजतो. "दोन बोटांची" चाचणी डॉक्टरनं करायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये ते गैरवर्तन ठरवलंय.

पुढच्या जबाबासाठी बाईला ठाण्यात हेलपाटे घालायला लावता येत नाहीत. तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा गावातली एखादी सामाजिक कार्यकर्ती यांच्यासमोर तो घ्यायचा. न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब वेगळा. तो शक्यतो महिला न्यायदंडाधिकारी घेतात. पोरगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, तिचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात यायचं नाही.

तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो आणि 90 दिवसांच्या आत तो कुठवर आला हे तिला कळवायचं असतं. कळवलं नाही तर लेखी विचारा.

वकिलासाठी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊ नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही बाईला, उत्पन्न न बघता, वकील मोफत मिळतो (फोन 15100). मनोधैर्य या अत्याचारग्रस्त बायांसाठीच्या सरकारी योजनेच्या मदतीचा अर्जही तिथंच. त्यासाठी निकालाची वाट बघायची गरज नाही.

आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव किंवा फोटो टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेसेज पुसला जायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा.