ढगाळ दिवसांत खाद्याचा हात आवरा: तळ्यातले मासे आणि दारातलं कुत्रं

दोन दिवस ऊन नाही, वारा पडलाय, उकडतंय आणि तळ्याचं पाणी हिरवंगार झालंय. असं असेल तर आज संध्याकाळचं खाद्य टाकू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. ऊन नसलं की जमा घटते, खर्च तेवढाच राहतो. खाल्लेलं पचवायला माशाला जादा प्राणवायू लागतो, आणि न खाल्लेलं तळाशी कुजताना उरलासुरला ओढून घेतं. हा हिशोब बुडीत निघतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर विरघळलेला प्राणवायू असला की मासा सुखात असतो. ३ च्या खाली तो खाणं टाकतो, १ च्या आसपास मरायला लागतो. त्यात कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, ३० अंशाला भरून भरून साडेसात मिलिग्रॅम. मग ढगाळ रात्रीला उरतं किती?

मी पाहिलेल्या बहुतेक मरतुकींत मासे आदल्या दिवशीच सांगून गेलेले असतात. खाद्य तसंच राहिलेलं असतं. टाकणारा मात्र पाटी रिकामी करून, पाणी न बघता घरी जातो. मीही एकदा तेच केलं. तिसरा झाकोळलेला दिवस होता. खाद्याच्या ट्रेमध्ये सकाळचा भुगा फुगून पडलेला, वर साय धरल्यासारखा बुळबुळीत थर. मी तो झटकला आणि नवीन भरला. पहाटे गेलो तेव्हा पाण्यावर सगळीकडे बारीक वर्तुळं उठत होती. मला वाटलं, पाऊस लागला. हात पुढे केला तर कोरडा. ती माशांची तोंडं होती.

म्हणून ट्रे ठेवाच. कडा असलेलं पसरट घमेलं किंवा जाळी ताणलेली चौकट दोरीने पाण्यात सोडायची, त्यात थोडं खाद्य टाकायचं आणि दोन तासांनी वर ओढून बघायचं. रिकामा आला तर ठीक. निम्मं उरलं तर पुढचं खाद्य निम्मं. तसंच राहिलं तर बंद. कागदावरची मात्रा वाढत्या माशांना वजनाच्या २ ते ३ टक्के, म्हणजे ३०० किलो माशांना दिवसाला ६ ते ९ किलो. पण ती उन्हाच्या दिवसाची मात्रा आहे, झाकोळाची नव्हे. दोन-चार दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

मासे वर येऊन तोंड मारू लागले तर त्याच मिनिटाला पंप सुरू करा. तळ्यातलंच वरच्या थरातलं पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही हवेतून, पसरून पडू द्या, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. काठीने तळ ढवळू नका, गाळातला विषारी वायू वर येतो. ऊन चांगलं वर येईपर्यंत पंप थांबवायचा नाही.

एवढ्यात कुणीतरी औषधाची बाटली घेऊन येईलच. प्राणवायूच्या गोळ्यांनी थोडा वेळ निभतो हे खरं, पण शेवाळ आणि कुजणारं खाद्य तिथंच असेल तर पुढच्या पहाटे पुन्हा तेच. पाण्यात ओतायचं प्रतिजैविक म्हणजे पैसे पाण्यात. पोटॅशियम परमँगनेटने प्राणवायू वाढतो हाही गैरसमजच. आधी मरतूक वाचायला शिका, बाटली मग. पहाटे तोंडं उघडी ठेवून मोठे मासे आधी मेले तर प्राणवायू. रोज दोन-चार, अंगावर लाल चट्टे किंवा जखमा, तर रोग. लहानमोठे सगळे एकदम मेले, सोबत बेडूक आणि पाणकिडेही, तर वरच्या शेतातून फवारणीचं पाणी उतरलंय का ते बघा.

रोग असेल तर मात्रा अशा: जाळ्यात आलेल्या जखमी माशाला मिठाच्या पाण्यात, लिटरला २० ते ३० ग्रॅम, दोन-तीन मिनिटं बुडवा. मासा कलंडला की लगेच बाहेर काढा. तळ्याला चुना द्यायचा तर १०० चौरस मीटरला २ किलो, भिजवून, गार करून, पसरून. पण पाणी गडद हिरवं आणि तळाशी खाद्य कुजलेलं असताना चुना मारू नका. पाण्याचा सामू (pH) वाढला की अमोनिया जास्त जहरी होतो. तिथं आधी खाद्य बंद आणि पाणी बदल.

पुस्तकात नसलेलंही थोडं. पहाटे बगळे काठाला दाटीने उभे दिसले किंवा गोगलगायी पाणी सोडून काठावर चढल्या, तर मी प्राणवायू मोजायच्या मीटरची वाट बघत नाही, पंप लावतो. दोनदा उगाच लावला असेल.

या दिवसांतली नेहमीची कामं:
– शेणखत, युरिया बंद
– हात कोपरापर्यंत बुडवून तळवा दिसतो का बघणे. दिसत नसेल तर पाणी बदलणे
– पहिल्या जोराच्या पावसाचं गढूळ पाणी बाहेर वळवणे
– मेलेले मासे उन्हं चढायच्या आत काढणे
– पंप, डिझेल, वायर आधी तपासणे
– जाळं वाळवून ठेवणे

मेलेले मासे बांधावर फेकू नका. चुना टाकून खोल पुरा, नाहीतर रात्री आपलंच कुत्रं ते उकरतं. सडका मासा खाऊन उलट्या, जुलाब होतात आणि काटा घशात अडकतो तो वेगळाच.

कुत्र्याचंही तेच आहे. थाळी तशीच राहते आणि घरातले म्हणतात, लाडावलाय, भूक लागली की खाईल. मोठं कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. पिल्लू असेल आणि उलट्या, रक्ताचे जुलाब असतील तर तासही घालवू नका, तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणू, असू शकतो. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तरी त्याचं यकृत धोक्यात येतं. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच फिकी असेल तर गोचिडांचा ताप किंवा उंदराचं औषध पोटात गेल्याची शंका घ्या. औषध खाल्ल्यावर रक्तस्राव काही दिवसांनी दिसतो.

पिकावर फवारायचं औषध गोचिडांसाठी कुत्र्याला चोळणारे मी पाहिलेत. अर्ध्या तासात लाळ, थरथर, झटके. घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका, एक गोळीही जीव घेते. साचलेल्या पाण्यातून, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. त्याची आणि रेबीजची लस दरवर्षी.

प्लास्टिक कागद अंथरलेलं तळं असेल तर अजून एक. ओल्या कागदावर कुत्र्याची नखं धरत नाहीत. पोहता येत असूनही ते चढू शकत नाही आणि दमून बुडतं. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर किंवा एकमेकांना बांधलेले जुने टायर पाण्यात आत जातील असे सोडा. माणसालाही तेच उपयोगी पडतात.

आणि गेलंच, तर? घाई नको. तळं रिकामं दिसतं म्हणून आठवड्यात नवीन बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडणारे पुन्हा मार खातात. पाणी काढा, गाळ भेगाळेपर्यंत वाळवा, चुना द्या, मग भरा. कुत्रं गेलं असेल तर विहिरीपासून लांब, खोल पुरा. वागणं बदललेलं, लाळ गळत मेलेलं असेल तर रेबीजची शंका घ्या, उघड्या हाताने शिवू नका, आणि ज्यांना चावलं किंवा जखमेवर चाटलं ते त्याच दिवशी दवाखान्यात जाऊ देत. मुलांना ‘झोपलाय’ सांगू नका, मेला म्हणून सांगा. रात्रभर दाराकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं. पुरताना त्यांना सोबत यायचं असेल तर येऊ द्या, पण अंगाला हात लावू न देता. पार्व्होने गेलं असेल तर जंतू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. भांडं, साखळी, गोणपाट जाळा किंवा टाका. लहान पिल्लू लगेच आणायचं नाही. कुणी प्रेमाने घेऊन आलंच, तर सोळा आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण होऊ देत, मग घेऊन या म्हणावं.