गोचीड कुत्र्याला, सांभाळायचं मांजरीला

पावसाळा लागला की आमच्या दांडिया बाजारात जो कुत्रा बघाल त्याच्या कानात गोचीड, मोत्याच्या तर बोटांच्या बेचक्यातसुद्धा, वाटाण्याएवढे फुगलेले. घरात मांजर असेल तर आधी औषधाच्या पाकिटावर परमेथ्रिन हे कीटकनाशक लिहिलंय का बघा, कुत्र्याला ते चालतं पण मांजरीचं लिव्हर ते पचवू शकत नाही, झटके येतात, जीवही जातो. ससा असेल तर त्याला फिप्रोनिल, हे पण गोचिडाचंच औषध, नकोच. आम्ही डॉक्टरांना विचारून, वजन करून मोत्याला गोळीच देतो, म्हणजे मनीला चाटायला अंगावर काही नसतंच. थेंबवालं औषध टाकलंच तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत, ओरडली तरी ओरडू दे. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, रॉकेल-बिकेल ओतू नका. आणि भिंतीच्या फटी पण बघा, अंडी तिथेच असतात.