विकिस्रोतावर जुनी पुस्तकं तपासताना या चुका टाळा

मराठी विकिस्रोतावर, म्हणजे स्वयंसेवक चालवतात त्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात, एखादं जुनं पुस्तक उघडलं की एका बाजूला पिवळं पडलेलं छापील पान दिसतं, दुसऱ्या बाजूला ओसीआरने (चित्रातली छापील अक्षरं ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीने) वाचलेला मजकूर. दोन्ही ताडून पाहायचे, एवढंच काम. पण पुस्तकाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही चांगल्या हेतूने.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लेखकाचं शुद्धलेखन सुधारणं. छापील पानावर 'नाहीं', 'घरें', 'त्यानें' असं असतं. आपल्या डोळ्यांना १९६२ नंतरच्या नियमांची सवय, त्यामुळे हात आपोआप अनुस्वार पुसत जातो. मीही सुरुवातीला एका आत्मचरित्राची तीसेक पानं अशी 'स्वच्छ' केली होती. नंतर एकेक अनुस्वार परत लावताना लक्षात आलं की हे अनुस्वार शोभेचे नाहीत. 'घरें'मधला अनुस्वार नपुंसकलिंगी अनेकवचन दाखवतो, 'त्यानें'मधला तृतीया. त्या काळची मराठी अभ्यासणाऱ्याला तेच हवं असतं. छापखान्याची उघड चूक दिसली तरी मजकूर तसाच ठेवा आणि चर्चापानावर नोंद करा. हातून बदल झालाच असेल तर पानाच्या इतिहासातून आधीची आवृत्ती परत आणता येते. प्रत्येक जतनाच्या वेळी बदलाचा सारांश लिहिला असेल तर हे शोधणं फार सोपं जातं.

ओसीआर 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांत गोंधळतो, 'ख'चा 'रव' करतो. 'लेखक'चं 'लेरवक' असं काही आलं तर ते लगेच खटकतं. धोका आहे तो 'धडा'च्या जागी 'घडा' किंवा 'माता'च्या जागी 'भाता' आल्यावर. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे स्पेलचेकरला काहीच सापडत नाही. यावर मला एकच उपाय लागू पडला आहे: स्कॅनवर नजर ठेवून मजकूर मोठ्याने वाचणं.

आता एक चमत्कारिक तक्रार. शब्द पानावर डोळ्यांना दिसतो, पण शोधल्यावर मिळत नाही. बहुतेक वेळा 'दुःख'मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचं चिन्ह टाइप झालेलं असतं. दिसायला जवळजवळ सारखं, संगणकाला मात्र वेगळं. 'तऱ्हा'मधला अर्धा र आणि 'ॲ' हे अक्षरही युनिकोडमध्ये दोन-दोन पद्धतींनी लिहिलं जातं. पुस्तक हाती घेतानाच सगळ्यांनी मिळून एक पद्धत ठरवा. अपूर्णविराम मात्र एका फटक्यात बदलू नका. नाटकात पात्राच्या नावापुढे तो खरोखरच असतो.

स्कॅन आधी शेवटपर्यंत चाळून पाहा. हे कंटाळवाणं काम बरेच जण टाळतात. विकिस्रोतावर मजकूर फाइलमधल्या पान क्रमांकाला बांधलेला असतो. शंभर पानं तपासून झाल्यावर कळलं की ४० नंतरची दोन पानं स्कॅनमध्ये नाहीतच, आणि कुणी ती घालून नवीन फाइल चढवली, तर पुढचा सगळा मजकूर दोन पानांनी मागे पडतो. मग प्रत्येक पानाचं स्थानांतर करत बसावं लागतं. छापील पान क्रमांक आणि फाइलमधला क्रमांक यांचा मेळही अनुक्रमणिका पानावर पहिल्याच दिवशी घालून ठेवा.

तपासणी कुठवर आली ते दाखवणारे पानांचे रंग घाईने बदलू नका. एकदा तपासलेलं पान पिवळं होतं. ते हिरवं करायला दुसराच सदस्य लागतो, आणि ती अट योग्यच आहे, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. फाटलेलं किंवा न वाचता येणारं पान अंदाजाने पूर्ण करू नका, अडचणीचं म्हणून खूण करून सोडा.

हक्कांचं (कॉपीराइटचं) गणित थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचं हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२६ पासून मुक्त. मात्र अनुवादक, संपादकाच्या टीपा आणि दुसऱ्याने लिहिलेली प्रस्तावना यांचे हक्क वेगळे. फाइल कॉमन्सवर (विकि-प्रकल्पांच्या सामायिक फाइल-भांडारात) चढवायची असेल तर ते पुस्तक अमेरिकेतही मुक्त असावं लागतं. ते न पाहता चढवलेली फाइल काढून टाकली गेली, की तपासलेल्या पानांचा मजकूर राहतो, पण शेजारचं स्कॅन जातं आणि पुढे ताडून पाहायला काही उरत नाही.