रुजू झाल्या झाल्या तुटलेल्या टेस्ट हातात आल्या तर

म्युनिकला येऊन मला चौदा वर्षं झाली. दरवर्षी पुण्याहून, नागपूरहून कोणी ना कोणी नवीन येतं. दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, मग बँकेचं खातं, मग प्रेशर कुकर कुठे मिळतो याची चौकशी. ते सगळं उरकलं की एखाद्या रविवारी चहा पिता पिता हळूच प्रश्न येतो: "दादा, पहिलंच काम शेल स्क्रिप्टच्या टेस्ट दुरुस्त करायचं दिलंय. मला बाजूला तर टाकलं नाही ना?"

नाही टाकलं. शेल स्क्रिप्ट म्हणजे टर्मिनलच्या आज्ञा ओळीने चालवणारी फाइल, आणि टेस्ट म्हणजे ती नीट चालते का हे तपासणारा कोड. कोणीतरी दोन हजार ओळींची एक स्क्रिप्ट फोडून तिचे बिन आणि लिब असे दोन फोल्डर केले, टेस्ट मोडल्या, आणि तेवढ्यात त्या माणसाची तीन आठवड्यांची सुट्टी आली. आता त्या टेस्ट पुन्हा उभ्या करायच्या तर प्रत्येक स्क्रिप्ट काय करते हे वाचावंच लागतं. टीमचं घर आतून बघायची इतकी चांगली संधी नंतर कोणी देत नाही.

धोका वेगळाच आहे. इथे पहिले सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. त्या भीतीपायी आपली मंडळी लाल (नापास) टेस्ट कशीबशी हिरवी (पास) करायच्या मागे लागतात. माझं सांगणं उलट आहे: आधी हिरव्या टेस्टकडे संशयाने बघा.

हे मी ठेच लागून शिकलो. एका जुन्या नोकरीत मी स्वतःच टेस्टचा फोल्डर हलवला. सीआयमधली (प्रत्येक बदलानंतर सर्व्हरवर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेतली) स्क्रिप्ट जुन्या जागी फाइली शोधायची आणि सापडेल ती एकेक चालवायची. तिथे आता काहीच नव्हतं, त्यामुळे लूप शून्य वेळा फिरला आणि सगळं यशस्वी ठरलं. तीन आठवडे आम्ही त्या हिरव्या खुणेकडे समाधानाने बघत होतो. एकही टेस्ट चालत नव्हती.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. फोडाफोडीच्या आधीचा कमिट (कोडची जतन केलेली अवस्था) गिट वर्कट्रीने, म्हणजे जुनी अवस्था वेगळ्या फोल्डरमध्ये उघडणाऱ्या गिटच्या आज्ञेने, शेजारच्या फोल्डरमध्ये उघडा, तिथे टेस्ट चालवा आणि नावांची यादी फाइलीत ठेवा. मग आजची यादी काढून दोन्हींची डिफ, म्हणजे फरक, बघा. जुन्या यादीत ६४ आणि नव्या यादीत ५१ असतील, तर उरलेल्या तेरांचा हिशेब लागेपर्यंत बाकी कशाला हात लावू नका.

दुसरी फसवणूक याहून गोड असते. तुमच्या टीममध्ये बहुधा बॅट्स, म्हणजे शेल स्क्रिप्टच्या टेस्ट लिहायचं साधन, असेल. मूळ प्रकल्प थंडावल्यावर २०१७ मध्ये त्याचा बॅट्स-कोअर हा फाटा निघाला आणि आज तोच वापरात आहे. त्यात 'रन' लावून आज्ञा चालवली की ती आपटली तरी टेस्ट थांबत नाही, फक्त 'स्टेटस'मध्ये आकडा जमा होतो. आता समजा टेस्ट अशी आहे: चुकीचा पर्याय दिला तर स्क्रिप्टने नकार द्यावा, म्हणजे स्टेटस शून्य नसावा. स्क्रिप्ट नव्या फोल्डरात गेली, जुन्या पाथवर काहीच नाही, शेलने १२७ ('आज्ञा सापडली नाही') परत केला. १२७ म्हणजे शून्य नाही. टेस्ट पास! बॅट्सच्या नव्या आवृत्त्या १२७ दिसला की इशारा देतात, पण लॉगच्या ढिगाऱ्यात तो वाचतो कोण? 'शून्य नसावा' असं जिथे लिहिलंय तिथे नेमका आकडा लिहा आणि सोबत एररचा संदेशही तपासा. १२६ आला तर फाइल आहे पण चालवायची परवानगी हरवली आहे. हलवाहलवीत हे फार होतं.

पाथचं दुखणं सोपं आहे. टेस्ट कुठूनही चालवली तरी चालावी यासाठी पाथ टेस्टच्या फाइलीपासून मोजा, तुम्ही उभे आहात त्या फोल्डरपासून नको. किचकट भाग येतो तो लिबमधल्या फाइली सोर्स करताना, म्हणजे चालू शेलमध्येच वाचून घेताना. जुनी स्क्रिप्ट सोर्स केली की तिचं मुख्य काम तिथल्या तिथे सुरू होतं. खरं डिप्लॉयमेंट (कोड खऱ्या सर्व्हरवर चढवणं) सुरू झालेलं मी पाहिलंय. शेवटी 'ही फाइल थेट चालवली असेल तरच मेन बोलवा' अशी अट घाला. लिबच्या फाइलीत एक्झिटवर ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी आज्ञा) लावलेला असेल तर तो बॅट्सच्या स्वतःच्या ट्रॅपवर कुरघोडी करतो. तो ट्रॅप मेनमध्ये हलवा.

आता इथल्या मातीतल्या दोन गोष्टी, ज्या भारतात कधी आडव्या येत नाहीत. सहकाऱ्यांचे लॅपटॉप जर्मन भाषेत असतात. टेस्ट 'नो सच फाइल' शोधते आणि त्यांच्याकडे उत्तर येतं 'डाटाय ओडर फेरत्साइखनिस निख्ट गेफुंडन'. दशांश चिन्हही इथे स्वल्पविराम, त्यामुळे बॅश या शेलची छापायची आज्ञा प्रिंटएफ ३.१४ हा आकडाच नाही म्हणून हटून बसते. सीआयवर हिरवं, शेजाऱ्याकडे लाल. 'सेटअप'मध्ये (प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या भागात) भाषा ठरवणारं एलसी-ऑल 'सी' करून टाका, म्हणजे सगळीकडे एकच इंग्रजी रूप मिळेल.

दुसरी गोष्ट घड्याळाची. मार्चच्या शेवटच्या रविवारी दिवस तेवीस तासांचा असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पंचवीसचा. 'काल' काढायला ८६,४०० सेकंद वजा करणारी स्क्रिप्ट मार्चमधल्या त्या रविवारची मध्यरात्र उलटून सोमवार लागल्यावर साडेबाराला शनिवारची तारीख देते. टेस्टमध्ये तारीख बाहेरून द्या, घड्याळाला विचारू नका.

मॅकवाल्यांकडे बॅश अजून ३.२ च आहे आणि त्यांचा सेड (मजकुरात बदल करणारी आज्ञा) वेगळा वागतो. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

रिव्ह्यूत, म्हणजे सहकारी तुमचा कोड तपासतात तेव्हा, "हे चूक आहे" एवढंच लिहून आलं तर रात्रभर जागू नका. तो राग नाही, वाक्यच तेवढं असतं. पाथ बदलल्याचा कमिट वेगळा आणि अपेक्षित निकाल बदलल्याचा वेगळा ठेवा, कारण दुसऱ्यावर प्रश्न येणारच. एखादी टेस्ट जमत नसेल तर 'स्किप' करा आणि कारण तिथेच लिहा. आणि शुक्रवारपर्यंत होईल का असं विचारलं तर "बघतो" म्हणू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ 'नाही' असा समजून घेतात. इथे सोमवारी सकाळी ते विचारायला येतात, काय बघितलंस म्हणून.