फर्वूर्टवर प्रोजेक्ट करताय? मग हे आधी वाचा

हेंड्रिक फर्वूर्ट हा विषय मिळाला की टीवायची पोरं काय करतात, तर नेटवरून जन्म, शिक्षण, पद, मृत्यू उचलायचं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल मारायचं आणि सबमिट. प्लीज असं करू नका, १९५८ ते १९६६ दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान होता हा माणूस, आणि त्याच्या वर्णद्वेषी कायद्यांनी कोणाचं काय झालं हे प्रोजेक्टमध्ये आलंच पाहिजे.

बायोडेटा चार ओळींत उरका. १९०१ ला आम्स्टरडॅममध्ये जन्म, लहानपणीच घरचे दक्षिण आफ्रिकेत आले, स्टेलनबॉशला मानसशास्त्राचा प्रोफेसर, मग पेपरचा संपादक. १९५० ला मूळनिवासी खात्याचा, म्हणजे काळ्या लोकांचा कारभार बघणाऱ्या खात्याचा मंत्री झाला, खरं काम तिथून सुरू होतं.

आता एक कायदा घ्या आणि तो नीट खोलात जाऊन लिहा, मी तर १९५२ चा पासचा कायदाच घ्या म्हणेन. नाव काय, तर पास रद्द करण्याचा कायदा! आणि आत काय, तर सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसाने फोटो असलेलं पासबुक कायम जवळ ठेवायचं, त्यात मालकाची सही लागणार, पोलिसाने मागितलं आणि खिशात नसलं की अटक. म्हणून कायद्याच्या नावावर जाऊ नका, कलमं वाचा. याच पासविरुद्ध २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार करून ६९ जणांना मारलं, तेव्हा पंतप्रधान फर्वूर्टच होता. हे दोन्ही एकाच पानावर आलं की वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

दुसरा मुद्दा १९५३ चा बांटू (म्हणजे काळ्या लोकांच्या) शिक्षणाचा कायदा. काळ्या मुलांना मजुरीच्या वर जागाच नाही तर गणित शिकवून काय करायचं, असा त्याचा उघड सूर होता. आपल्याकडे सावित्रीबाईंचं नाव घेऊन शाळेत गेलेल्यांना यातली क्रूरता वेगळी समजवायला नको.

६ सप्टेंबर १९६६ ला केपटाऊनच्या संसदेत दिमित्री त्साफेंडास या निरोप्याने त्याला भोसकलं. कोर्टाने त्साफेंडासला वेडा ठरवलं, त्याची गोष्ट इंटरेस्टिंग आहे पण अर्ध्या पानात संपवा, नाहीतर सगळा प्रोजेक्ट खुनाचाच होतो. जुने पेपर बघायचे असतील तर मुंबईत फोर्टला एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत चौकशी करा. आणि भारताने १९४६ लाच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, ते विसरू नका.

त्याच्या वारशासाठी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतलं १६ जून १९७६ चं आंदोलन घ्या, त्याच बांटू शाळांतली पोरं रस्त्यावर उतरली होती. क्रिकेटवाल्यांना माहीत असलेलं सेंच्युरियन शहर १९९५ पर्यंत फर्वूर्टबर्ग होतं, हेही टाका.

व्हायवाला 'वर्णद्वेष यानेच आणला का' असं विचारलं तर सरळ हो म्हणू नका, ते सरकारी धोरण झालं १९४८ ला पंतप्रधान मलानच्या सरकारात, फर्वूर्टने त्याची पक्की यंत्रणा बसवली, आणि पुरावा म्हणून पासचा कायदा सांगा.