घरात ओसीडी असेल तर या चुका टाळा (आम्ही जवळपास सगळ्या केल्या)

धाकट्या बहिणीला ओसीडी (नको ते विचार डोक्यात अडकून बसतात आणि ती भीती घालवायला तीच गोष्ट परत परत करावी लागते, असा मानसिक आजार) आहे हे कळायला आम्हाला 4 वर्षं लागली, कारण आजीचं सोवळं एवढं कडक की पोरगी वीस-वीस मिनिटं हात धुते याचं कुणाला काही वाटलंच नाही, उलट कौतुक. बोटांच्या बेचक्यातली कातडी फाटून रक्त यायला लागलं तेव्हा डॉक्टर गाठला, तोही आधी स्किनचा.

सगळ्यात मोठी चूक मायेपोटी झाली. "दादा, बाहेरून आल्यावर कडीला हात नाही ना लावलास?" "नाही गं बाई." दोन मिनिटं शांत, की परत तेच. बाबा आले की थेट बाथरूममध्ये कपडे बदलणार, आई दुधाच्या पिशव्या साबणाने धुणार. तिला बरं वाटतंय ना, मग काय बिघडलं? बिघडतं असं की भीती आपली आपण उतरते हे तिला कळतच नाही, धुतलं म्हणून उतरली, दादा बोलला म्हणून उतरली असंच डोक्यात पक्कं होतं. ईआरपी म्हणजे ओसीडीवरची, भीतीला सामोरं जायला शिकवणारी थेरपी, तिच्यात नेमकं उलटं, कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही, जीव कासावीस झाला तरी.

पण म्हणून उद्यापासून साबण लपवू नका, आम्ही लपवला आणि दोन दिवस घरात नुसता आकांत. पायऱ्या पेशंट आणि थेरपिस्ट मिळून ठरवतात, सोप्यापासून. आपण फक्त म्हणायचं, "हे ओसीडी विचारतंय, उत्तर नाही देणार, पण बसतो तुझ्याजवळ."

गोळ्यांचं म्हणाल तर पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, एसएसआरआय गोळ्यांना (डिप्रेशनवरही देतात त्याच) ओसीडीत 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात आणि डोसही बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, आणि आजार परत हजर. मेडिकलमधून अल्प्राझोलाम ही घबराटीवरची गोळी आणणं तर नकोच, सवय लागते आणि ओसीडी तिथल्या तिथे.

हात धुणं निदान दिसतं तरी. काहींचं सगळं मनातच चालतं, म्हणजे तान्ह्या बाळाला आपल्याच हातून काही होईल असे विचार, मग ते पुसायला मनातल्या मनात जप. लाजेने बोलत नाहीत बिचारे. त्यांना तसं करायचं नसतं म्हणूनच तर एवढी भीती वाटते. "काढून टाक तो विचार" म्हणू नका, ढकलला की दुप्पट येतो.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. थेरपिस्टला आधीच विचारा, ईआरपी करता का? आम्ही नुसत्या धीर देणाऱ्या काउन्सेलिंगमध्ये सहा महिने घालवले, म्हणजे घरी फुकट चाललेलं तेच तिथे पैसे देऊन.