डार्करूममधले पहिले सत्र : रोल धुण्यापासून पहिल्या प्रिंटपर्यंत

मराठीत आपण फिल्म डेव्हलप करण्याला ‘रोल धुणे’ म्हणतो आणि छायाचित्र छापून घेण्यालाही ‘फोटो धुवून आणणे’ म्हणतो. बोलण्यात हे रुळलेले असले, तरी डार्करूममध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने या शब्दामागे प्रत्यक्षात काय घडते ते आधी समजून घ्यावे, कारण पाण्याने धुणे ही या कामातली जवळजवळ शेवटची पायरी आहे. कॅमेऱ्यात फिल्मवर उजेड पडला की तिच्यावरील सिल्व्हर हॅलाइडच्या, म्हणजे उजेडाने बदलणाऱ्या चांदीच्या क्षारांच्या, कणांत एक अदृश्य प्रतिमा तयार होते. डेव्हलपर उजेड लागलेल्या कणांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करतो आणि फिक्सर, ज्याला जुने छायाचित्रकार हायपो म्हणतात, उजेड न लागलेले कण विरघळवून बाहेर काढतो. चांदीचे क्षार विरघळवण्याचा हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवला होता आणि १८३९ मध्ये छायाचित्रे टिकवण्यासाठी त्याचा उपयोग सुरू झाला.

हा क्रम मी वर्गातील टिपणांत नीट लिहून घेतला होता आणि तरीही दृश्यमाध्यमाच्या अभ्यासक्रमातला माझा पहिला रोल त्याच क्रमात चुकून वाया गेला. दोन सारख्याच तपकिरी बाटल्या शेजारी होत्या, त्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या आणि मी फिल्म धुण्याच्या छोट्या बंद टाकीत आधी फिक्सर ओतला. छत्तीसच्या छत्तीस चित्रे गेली. फिल्म बाहेर काढली तेव्हा ती काचेसारखी स्वच्छ होती आणि तिच्या कडेला छापलेले आकडेही नव्हते. त्या दिवशी मिळालेली एक खूण प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. फिल्मच्या कडेचे आकडे कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात. त्यामुळे फिल्म कोरी निघाली पण आकडे काळे दिसत असतील, तर डेव्हलपरने आपले काम केले आहे आणि चूक कॅमेऱ्यात झाली आहे. बहुधा फिल्म चाकीत नीट न अडकल्याने पुढे सरकलीच नसेल. आकडेही नसतील, तर डेव्हलपर निकामी झालेला असतो किंवा फिक्सर आधी ओतला गेलेला असतो. तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर नाव, मिसळल्याची तारीख आणि त्यात किती रोल झाले तो आकडा लिहिल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत रसायन कधीही भरून ठेवू नये, कारण दुसऱ्या कोणाला ते पेय वाटू शकते.

पहिल्या सत्रात उत्तम चित्र मिळवणे हे ध्येय ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. काल जो परिणाम मिळाला तोच आज पुन्हा मिळवता यावा, एवढेच ध्येय पुरेसे आहे आणि ते वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी एक जाड पुठ्ठ्याची वही करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डेव्हलपरही बदलला, वेळही बदलली आणि कागदही नवा घेतला, तर चित्र सुधारले किंवा बिघडले तरी ते कशामुळे हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

कामाला लागण्यापूर्वी खोली तपासावी. सगळे दिवे मालवून दहा मिनिटे शांत बसावे. डोळे अंधाराला सरावले की दाराखालची फट, पंख्याच्या झरोक्याची कड, विजेच्या उपकरणांवरचे बारीक दिवे अशा जागा आपोआप दिसू लागतात. त्या काळ्या कापडाने किंवा चिकटपट्टीने बंद कराव्यात. लाल सेफलाइटची, म्हणजे छापायच्या कागदाला न बिघडवणाऱ्या मंद दिव्याची, परीक्षाही करावी : त्या कागदाच्या तुकड्यावर एन्लार्जरखाली (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर टाकणाऱ्या यंत्राखाली) अगदी फिकट करडा रंग येईल एवढाच उजेड द्यावा, त्यावर एक नाणे ठेवून तो पाच मिनिटे सेफलाइटखाली ठेवावा आणि मग डेव्हलप करावा. नाण्याचा गोल दिसला, तर दिवा जास्त प्रखर आहे किंवा फार जवळ आहे. कॉलेजच्या कपाटात बरीच वर्षे पडून असलेला कागद सापडतो. कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदाचे पाकीटही मिळते. अशा कागदाचे दोन तुकडे अंधारात कापून एक थेट फिक्सरमध्ये टाकावा, दुसरा आधी डेव्हलपरमध्ये आणि मग फिक्सरमध्ये टाकावा. दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा करडा दिसला, तर उष्णतेने आणि वयाने कागद धुरकटला आहे. सरावाला तो चालेल, अंतिम प्रिंटला नाही.

पहिल्या दिवशी कॅमेरा बाजूला ठेवून फोटोग्राम, म्हणजे कॅमेऱ्याशिवायचे चित्र, करावा. पिंपळाचे जाळीदार पान, बांगडी, चाळणी, पाण्याचा पेला अशा वस्तू थेट कागदावर मांडून एन्लार्जरचा उजेड द्यावा आणि कागद डेव्हलप करावा. उजेड लागला तेथे काळे, झाकले गेले तेथे पांढरे, आणि पेल्यासारख्या पारदर्शक वस्तूखाली करड्या छटा हा उलटा हिशेब डोक्यात एकदा पक्का बसला की निगेटिव्ह, म्हणजे डेव्हलप झालेल्या फिल्मवरचे उलटे चित्र, वाचणे पुष्कळ सोपे जाते.

फिल्म टाकीत भरणे हे हातांचे काम आहे आणि हातांना सरावच लागतो. एक वाया गेलेला रोल घेऊन तो आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग पूर्ण अंधारात टाकीतल्या रिळावर दहादा चढवावा. लाल सेफलाइट फक्त कागदासाठी असतो. फिल्मला तोही चालत नाही. कोकणात आणि मुंबईत घामट हवेमुळे प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म मध्येच अडकते, कारण ओलसर प्लॅस्टिकला फिल्मवरच्या थरातले जिलेटिन चिकटते. रीळ आदल्या रात्रीपासून कोरडे ठेवावे, हात पुसून घ्यावेत आणि फिल्म अडकली तर जोर न लावता ती उलगडून पुन्हा सुरुवात करावी. चेंजिंग बॅगेत (हात आत घालून फिल्म भरायच्या उजेडबंद पिशवीत) हात घामेजत असल्याने खोली मिळत असेल तर खोलीच वापरावी.

आता तापमानाचा प्रश्न येतो आणि महाराष्ट्रात शिकणाऱ्याने त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे मला वाटते. फिल्मसोबत येणाऱ्या तक्त्यांतली वेळ साधारणपणे २० अंश सेल्सिअससाठी दिलेली असते. उदाहरणार्थ, इलफर्डची एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये पाणी न मिसळता साडेसात मिनिटे आणि समप्रमाणात पाणी मिसळून १३ मिनिटे ठेवायची असते. पण एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी तिसाच्या पुढे गेलेले असते आणि त्या तापमानाला साडेसात मिनिटे ठेवलेली निगेटिव्ह इतकी दाट होते की एन्लार्जरचा उजेडही तिच्यातून नीट जात नाही. अंदाजे हिशेब असा, की तापमान एका अंशाने वाढले की वेळ सुमारे दहा टक्क्यांनी कमी करावी लागते. मात्र वेळ पाच मिनिटांच्या खाली आली की टाकी भरायला आणि रिकामी करायला लागणारे काही सेकंदही महत्त्वाचे ठरतात आणि चित्रातल्या आकाशात पट्टे उमटतात. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपर समप्रमाणात पाणी मिसळूनच वापरावा. २४ अंशांना १३ मिनिटांची सुमारे नऊ मिनिटे होतात आणि ही वेळ सांभाळता येते. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, त्याने द्रावण पातळ होते. घमेल्यात पाणी आणि बर्फ घेऊन त्यात बाटल्या उभ्या कराव्यात. फक्त डेव्हलपर थंड करून भागत नाही. फिक्सर आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास असावे लागते, नाहीतर गारव्यातून एकदम गरम पाण्यात गेलेले जिलेटिन सुरकुतते आणि चित्रभर बारीक भेगांची जाळी पडते.

टाकीत डेव्हलपर ओतल्यावर पहिल्या दहा सेकंदांत ती चार वेळा उलटसुलट करावी, ओट्यावर हलके आपटून बुडबुडे सोडवावेत आणि पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच करावे. किती जोराने हलवले याचाही परिणाम होतो, म्हणून दर वेळी हात सारखाच चालू द्यावा. त्यानंतर थोडा वेळ डेव्हलपरचे काम थांबवणारे स्टॉप बाथ आणि मग फिक्सर. फिक्सर अजून चालतो का हे ओळखण्यासाठी फिल्मच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा त्यात टाकावा, तो पारदर्शक व्हायला लागलेला वेळ मोजावा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवावी; ताज्या द्रावणापेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की तो फिक्सर बाद करावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो मोरीत ओतू नये, कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावा.

धुण्यासाठी नळ अर्धा तास सोडून ठेवण्याची पद्धत आपल्याकडच्या पाणीटंचाईत मला पटत नाही आणि तिची गरजही नाही. इलफर्डने सुचवलेल्या रीतीप्रमाणे टाकी भरून पाच वेळा उलटसुलट करावी आणि पाणी बदलावे, मग दहा वेळा, मग वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात फिल्म धुऊन होते. शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड पाण्यात करावे, कारण बोअरिंगच्या जड पाण्याचे डाग निगेटिव्हवर सुकले की निघता निघत नाहीत.

निगेटिव्ह सुकल्यावर कॉन्टॅक्ट शीट करावी, म्हणजे सगळ्या पट्ट्या थेट एका कागदावर ठेवून मूळ आकारात छापाव्यात. ती नुसती यादी समजून घाईने उरकू नये. फिल्मचा कोरा भाग कागदावर पूर्ण काळा दिसायला जी कमीत कमी वेळ लागते, ती शोधून तेवढाच उजेड संपूर्ण शीटला द्यावा. मग शीटवर जी चित्रे अंधारी दिसतील त्यांना कॅमेऱ्यात उजेड कमी पडला होता, फिकी दिसतील त्यांना जास्त पडला होता, हे आपोआप कळते.

प्रिंटसाठी पहिली निगेटिव्ह निवडताना मी वाईजवळच्या मेणवलीचे चित्र घेतले होते. नाना फडणवीसांनी बांधलेला कृष्णाकाठचा तो घाट, काळ्या बेसाल्टच्या पायऱ्या आणि त्यांवर वाळत घातलेले पांढरे धोतर. अशी निगेटिव्ह शिकायला उत्तम, कारण दगडाचा पोत आणि कापडाच्या सुरकुत्या दोन्ही एकाच कागदावर राखाव्या लागतात. एन्लार्जरच्या भिंगाचे छिद्र सर्वांत मोठ्या मापापासून दोन पायऱ्या लहान करावे आणि टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळ्या सेकंदांचा उजेड दिलेली कागदाची चाचणी पट्टी, घ्यावी. पुष्कळ जण तीन-तीन सेकंदांचे समान टप्पे घेतात, पण ३ वरून ६ म्हणजे उजेड दुप्पट होतो आणि १२ वरून १५ चा फरक डोळ्याला जेमतेम दिसतो. त्याऐवजी संपूर्ण पट्टीला ४ सेकंद द्यावेत, मग एकेक भाग झाकत १.६, २.४, ३ आणि ५ सेकंद द्यावेत. म्हणजे पट्टीवर ४, ५.६, ८, ११ आणि १६ सेकंदांचे भाग मिळतात आणि फरक सारख्या अंतराने दिसतो. पट्टी चित्राच्या अशा भागात ठेवावी जेथे धोतर आणि दगड दोन्ही येतील.

येथे नवशिका हमखास एक चूक करतो. लाल उजेडात प्रिंट आहे त्यापेक्षा गडद भासते, म्हणून तो ती वीस-पंचवीस सेकंदांतच घाईने बाहेर काढतो आणि दिवा लावल्यावर चिखलासारखे करडे चित्र हाती येते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या आरसी कागदाला साधारण एक मिनिट आणि असा थर नसलेल्या फायबर कागदाला दोन मिनिटे पूर्ण द्यावीत. प्रिंट काळी पडली तर पुढच्या वेळी उजेड कमी करावा, डेव्हलपरची वेळ कापू नये. पट्टीचा निकाल पांढऱ्या दिव्यातच पाहावा. आधी फक्त धोतराकडे पाहावे : कोणत्या सेकंदाला त्याच्या सुरकुत्या नुकत्याच दिसू लागतात? ती वेळ पक्की करावी. मग दगडाकडे पाहावे. दगड करडा राहिला तर मल्टिग्रेड कागदासाठी (फिल्टरने ज्याचा विरोध बदलता येतो त्या कागदासाठी) वरच्या क्रमांकाचा फिल्टर लावावा, पोत बुजून काळा ठोकळा झाला तर खालचा. हे फिल्टर ०० पासून ५ पर्यंत असतात आणि क्रमांक वाढेल तसा काळ्या-पांढऱ्यातला विरोध तीव्र होतो. फिल्टर बदलला की धोतराची पट्टी पुन्हा घ्यावी.

एखाद्या दिवशी कालचेच सेकंद, कालचाच फिल्टर आणि कालचेच छिद्र असूनही प्रिंट फिकी येते. इमारतीतला पाण्याचा पंप सुरू होऊन व्होल्टेज उतरले की एन्लार्जरचा बल्ब मंद होतो, हे मला कळायला दोन आठवडे आणि बराच कागद लागला. वहीत तास-वेळ लिहिलेली होती, म्हणूनच फिक्या प्रिंट संध्याकाळी सहाच्या सुमारास येतात हे ध्यानात आले. जमल्यास स्टॅबिलायझर लावावा, नाहीतर ती वेळ टाळावी.

उजेड कोठे अडवायचा आणि कोठे वाढवायचा हे काम सर्वांत शेवटी करावे. घाटाच्या वरचे आकाश कोरे राहिले, तर पुठ्ठ्याने खालचा भाग झाकून आकाशाला जादा सेकंद द्यावेत आणि पुठ्ठा सतत हलता ठेवावा, म्हणजे कड उमटत नाही. फायबर कागद सुकल्यावर किंचित गडद होतो, म्हणून ओल्या प्रिंटवरून अंतिम निर्णय करू नये. या सगळ्या वेळात चिमटे वापरावेत, फिक्सरचा चिमटा डेव्हलपरच्या ट्रेमध्ये जाऊ देऊ नये, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि डेव्हलपरमधल्या मेटॉल या रसायनाने त्वचेला खाज सुटत असेल तर हातमोजे घालावेत.

प्रिंट सुकली की तिच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने निगेटिव्हचा क्रमांक, छिद्र, सेकंद, फिल्टर आणि आकाशाला दिलेले जादा सेकंद लिहावेत. आरसी कागदाच्या गुळगुळीत पाठीवर शिसपेन्सिल उमटत नाही, तेथे टिकाऊ शाईचे पेन वापरावे. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून पाकिटात घालाव्यात आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात, कारण बुरशीला जिलेटिन फार आवडते. पुड्या ओलावा धरतात, तेव्हा रंग बदलला की त्या गरम करून कोरड्या कराव्यात. जून ते सप्टेंबर हे दर पंधरा दिवसांनी पाहावे लागते.